बाबांची जादू पोरांना कशी शिकवायची

सगळ्यात आधी सांगते, जादूचा किट विकत आणू नका. मी आणला होता लेकासाठी, त्यात प्लास्टिकचे कप, प्लास्टिकची कांडी आणि एक कागद, ज्यावर सगळी गुपितं छापलेली, पठ्ठ्याने आधी कागदच वाचला आणि दहा मिनिटांत खेळ खलास, किट गेला माळ्यावर.

माझ्या बाबांकडे असलं काही नव्हतं. आम्ही नारायण पेठेत वाड्यात दोन खोल्यांत राहायचो, लाईट गेली की मेणबत्ती लावायची आणि बाबा माझ्या कानामागून चार आणे काढायचे. त्यांनी लहानपणी जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघितलेला, ते खूळ डोक्यातून कधी गेलंच नाही. मी सहा वर्षांची, मला खरंच वाटायचं की कानात पैसे असतात, वाण्याच्या दुकानात गोळ्या घेताना मी कान पुढे केलेला आहे (हसू नका).

तर पहिलं काम हे की महिनाभर नुसतं करून दाखवा, शिकवू नका. पोरगं मागे लागलं पाहिजे, रडकुंडीला आलं तरी चालेल.

मग नाण्यापासून सुरू करा. बाबांनी चार आण्यांवर शिकवलं कारण माझा तळहात केवढासा, पण चार आणे २०११ च्या जूनअखेर बंदच झाले, हल्लीचा नवा रुपया लहान आहे, तो घ्या. डावा तळहात वर, अंगठा आणि मधल्या बोटाच्या टोकांत नाणं आडवं धरायचं. उजवा हात नाणं घ्यायला येतो, उजवा अंगठा नाण्याच्या खालून आणि बाकीची बोटं वरून, क्षणभर नाणं झाकलं जातं, तेवढ्यात डावा अंगठा सैल सोडायचा की नाणं डाव्याच हातात बोटांच्या मुळाशी पडतं. उजव्या हाताची मूठ वळायची, जणू नाणं त्यातच आहे, आणि ती बाजूला न्यायची. डावा हात आरामात खाली. लगेच खिशात घालू नका, तिथेच सगळे पकडले जातात.

पण खरी गोम नजरेत आहे. मी महिनाभर पकडली जायचे कारण मी डाव्या हाताकडे चोरून बघायचे. मग बाबांनी मला आरशासमोर उभं केलं, आरसा म्हणजे दाढीचा, खिळ्याला टांगलेला, आणि म्हणाले, "अगं आधी दहा वेळा खरंच उचल. नाणं खरंच उजव्या हातात घे आणि तुझे डोळे कुठे जातात बघ." खरं उचललं की डोळे आपोआप उजव्या मुठीमागे जातात, खांदासुद्धा किंचित वळतो. अकराव्या वेळी तस्संच करायचं, फक्त नाणं न घेता. एवढं जमलं की झालं, बोटांची सफाई नंतर येते. मी लेकाला हेच करायला लावलं, त्याला चार दिवसांत जमलं आणि मला जरा रागच आला.

दुसरी पत्त्यांची, हिला हातचलाखी लागत नाही. कॅटमधले कुठलेही २१ पत्ते घ्या, समोरच्याने मनात एक धरायचा. एकेक करत आडवे वाटत तीन उभ्या रांगा करा, सात सात पत्त्यांच्या, तो पत्ता कुठल्या रांगेत ते विचारा, ती रांग बाकी दोघींच्या मध्ये ठेवून गोळा करा. पिसायचं नाही हं. असं तीनदा. मग वरून अकरावा पत्ता त्याचाच. बाबांनी हे का होतं ते सांगितलंच नाही, मी पत्त्याच्या मागे पेनाने ठिपका काढून तो कुठे कुठे जातो ते बघत बसले (कॅटची वाट लागली, आईच्या शिव्या खाल्ल्या), तेव्हा कळलं की पहिल्या वेळेनंतर तो ८ ते १४ मध्ये असतो, दुसऱ्यानंतर १० ते १२ मध्ये, आणि तिसऱ्यानंतर पळायला जागाच नाही. पोरांना उत्तर देऊ नका, पेन द्या.

तिसरी पाण्याची, लहानग्यांसाठी बेस्ट. नाणं टेबलावर, त्यावर सरळ उभा काचेचा रिकामा ग्लास, नाणं ग्लासात नाही, ग्लासाखाली. पाणी काठोकाठ भरा, वर बशी झाका आणि बाजूने बघायला सांगा. नाणं गायब! नाण्याकडून येणारा प्रकाश पाण्यातून वळतो आणि ग्लासाच्या बाजूने बाहेर न पडता आतच परततो, वरून मात्र दिसतं म्हणून बशी.

हिच्यात मी गेल्या दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर तोंडावर आपटले. ग्लास नुकताच धुतलेला, बुडाला पाणी, नाणं आपलं मस्त दिसतंय आणि लेक ओरडतोय "गायब झालं!" ग्लास आणि नाण्यामध्ये हवेचा पातळ थर लागतो, तिथे पाणी शिरलं की सगळं फुस्स. म्हणून ग्लासाचं बूड आणि नाणं दोन्ही फडक्याने कोरडं करा, आणि पाणी ओतताना बाहेर सांडू देऊ नका.

एकच ट्रिक त्याच माणसासमोर लागोपाठ दोनदा करू नका, कितीही "परत, परत" केलं तरी. आणि नाणं आपलं आपण लक्षात ठेवून परत घ्या, माझे आत्तापर्यंत दहाचे तीन डॉलर (म्हणजे दहा रुपयांची नाणी) लेकाने खरोखरचे गायब केलेत.