शिडाच्या लाकडी यॉटवर शिकायला जाताना : सुकलेल्या फळ्यांविषयी

ठाणे, ऐरोली, बेलापूर भागातून एनसीसीच्या नौदल शाखेत दाखल होणाऱ्या आणि पुढे केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींना शीड, सुकाणू आणि गाठी यांची तोंडओळख असतेच, म्हणून त्यात मी शिरत नाही. मला लाकडाविषयी सांगायचे आहे, कारण ते कोणत्याही तयारीच्या वर्गात शिकवत नाहीत.

‘म्हादेई’ची छायाचित्रे बहुतेकांनी पाहिलेली असतात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये टप्प्याटप्प्याने आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता ज्या ५६ फुटी यॉटवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्या अंगातही लाकूड आहे. परंतु ते इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) आणि काचतंतूंच्या थरांत बंदिस्त असल्यामुळे पाणी पिऊन फुगत नाही. फ्रेंच नौदल ज्यांच्यावर आजही छात्रांना शिकवते त्या १९३२ सालच्या ‘एत्वाल’ आणि ‘बेल पूल’ या लाकडी शिडनौकांची जात वेगळी आहे. फळीला फळी लावून बांधलेल्या अशा नौकेचे सांधे उन्हात उघडतात आणि पाण्यात मिटतात.

नवखा माणूस नेमका इथेच फसतो. एप्रिल-मे महिन्यांत काठावर ठेवलेल्या नौकेच्या फळ्या आकसतात, नखभर फट दिसू लागते, आणि ती पाहताच कापूस ठोकून, वरून कडक लांबी (पुट्टी) भरून सांधा गच्च बंद केला जातो. घाईत असलेल्या एका प्रशिक्षकाने आम्हा छात्रांकडून हेच करून घेतले होते. नौका पाण्यात गेली, फळ्या फुगल्या, फुगायला जागाच उरलेली नसल्याने त्यांनी आतल्या बरगड्यांवरचे खिळे उचकटले, आणि आमचा अख्खा हंगाम दुरुस्तीत गेला. त्याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून कृपा करून ऐका : फट दिसली की आधी सावली करा, ओली गोणपाटे पांघरा, आणि ज्या सांध्यातला जुना कापूस कुजला किंवा गळून पडला असेल तेवढ्याच जागी नवा भरा, तोही हलक्या हाताने. नौका उतरवल्यावर लगेच शिडे उभारू नका. ती धक्क्याला बांधून, पंप हाताशी ठेवून, पहारा लावून फळ्यांना फुगू द्या. पहिल्या रात्री पाणी आत येईल. घाबरून जाऊ नका, ते तासागणिक कमी होत आहे का एवढे पाहा. एकाच ठिकाणाहून धार लागून राहिली, तर मात्र तो सांधा खरोखर बिघडला आहे आणि नौका वर काढलीच पाहिजे.

हे ओळखायला मोबाइलवरचे व्हिडिओ उपयोगाचे नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या वयस्क तांडेलाजवळ (होडीच्या प्रमुखाजवळ) सकाळभर बसा. लाकडी होड्यांवर आयुष्य काढलेला माणूस हातोडीच्या आवाजावरून सांधा किती भरला आहे ते सांगतो.

आणखी एक गोष्ट. डेकवरचे लाकूड समुद्राच्या पाण्यापेक्षा साचलेल्या पावसाच्या पाण्याने लवकर कुजते. पावसाळा संपला की डोलकाठी डेकमधून खाली उतरते त्या जागी चाकूचे टोक टोचून पाहा, आणि ते सहज आत गेले तर रंगाचा डबा उघडण्याआधी सुताराला बोलवा.