समृद्धी महामार्गाला लागण्याआधी डॅशबोर्ड रिकामा करा

नागपुरातल्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर टेकडीच्या गणपतीची मूर्ती असते. पण बघा, बहुतेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग नेमकी डॅशबोर्डच्याच झाकणाखाली असते. धडकेचा इशारा सेन्सरने दिला की रसायन पेटून वायू तयार होतो आणि पिशवी साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. वर ठेवलेली मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाईल स्टँड तेव्हा दगडासारखे तोंडावर येतात. देवाला घरीच हात जोडा.

डॅशबोर्डवर पाय टाकून बसणं तर वेडेपणाच. छाती स्टिअरिंगपासून किमान 25 सेंटिमीटर दूर हवी. बेल्ट हवाच, नाहीतर पिशवी फुगत असतानाच शरीर पुढे जाऊन तिच्यावर आदळतं. लहान मुलं मागच्या सीटवर. मागे तोंड असलेलं बाळाचं सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावू नका.

उन्हाळ्यात सीट तापते म्हणून जाड कव्हर घालता? सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती अडते. चालू गाडीत एअरबॅगचा दिवा विझत नसेल, तर आधी वर्कशॉप गाठा.