बोटीचे जुने फोटो घरच्या घरी स्कॅन कसे करायचे

आमच्या नौपाड्याच्या घरी आजोबांचा अल्बम आहे, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायचे तेव्हाचा, एका फोटोत आजी ट्रंकेवर बसलीये आणि मागे खलाशी दोर ओढतोय. तुमच्याकडे असे फोटो असतील तर पावसाळ्याआधी स्कॅन कराच, दमटपणाने बुरशी धरते. चिकटलेला फोटो ओढू नका हं, पानासकट स्कॅन करा. स्कॅनरची काच कोरड्या मऊ कपड्याने पुसा, ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपायचे तो आकडा) ठेवा म्हणजे ४ बाय ६ इंचाचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, झूम केलं तरी चेहरे ओळखू येतात. सेव्ह टिफमध्ये (या फाईलमध्ये फोटोचा दर्जा कमी होत नाही), लहान फाईलचं जेपेग फक्त व्हॉट्सॲपला. म्युझियमवाले चित्राशेजारी रंगांची पट्टी ठेवतात, तशी मिळाली तर उत्तमच, रंग नंतर जुळवता येतात. आणि मागची बाजू विसरू नका, आम्हाला बंदराचं नाव तिथेच पेन्सिलने लिहिलेलं सापडलं.