उशाशी वही: स्वप्न निसटण्याआधी लिहायचं कसं

स्वप्नं पडतच नाहीत म्हणणाऱ्या बहुतेकांना ती पडत असतात, फक्त टिकत नाहीत. डोळे उघडताना अख्खा प्रसंग समोर असतो, पाय जमिनीला लागेपर्यंत अर्धा गेलेला असतो आणि दात घासून होईपर्यंत ‘कुठेतरी पाणी होतं’ एवढीच चिंधी हातात राहते. यात विसरभोळेपणाचा दोष नाही. आठवण पक्की बसायला मेंदूतलं नॉरॲड्रेनालिन हे रसायन मदत करतं, आणि स्वप्नांच्या झोपेत त्याचं प्रमाण अगदी तळाला गेलेलं असतं. म्हणजे जागं झाल्यावरची पहिली एक-दोन मिनिटं हीच काय ती लिहायची वेळ. वहीची सगळी रीत त्या दोन मिनिटांभोवती बेतायची. अर्थ लावायचा तो नंतर, दुसऱ्या वेळी आणि दुसऱ्या पानावर.

आधी झोपेचा हिशेब. मोठ्या माणसाची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी होते आणि बहुतेक फेऱ्यांच्या शेवटी ‘रेम’ म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप येते. युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी तिची नोंद १९५३ साली प्रसिद्ध केली. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतांशी याच झोपेत पडतात. पहिल्या फेरीत ती जेमतेम पाच-दहा मिनिटं असते, पहाटेच्या फेऱ्यांत अर्ध्या तासावर जाते. त्यामुळे रात्री अकराला झोपून सातला उठणारा माणूस पाचलाच उठला, तर त्याची झोप पाव भागाने कमी होते, पण स्वप्नांचा वाटा त्याहून बराच जास्त बुडतो. झोप अपुरी ठेवून वही भरत नाही. दारूचंही तसंच: ती रात्रीच्या पहिल्या भागात रेम दाबते आणि उत्तररात्री ती उसळून येते. अशा रात्रीची स्वप्नं भडक असतात, तुटक असतात, आणि त्यांच्यावरून स्वतःबद्दल काही ठरवू नये.

सामान थोडकं. शिवलेली, उघडल्यावर सपाट राहणारी शंभरेक पानांची वही, तळहाताहून थोडी मोठी. पेन नको, पेन्सिल घ्या. आडवं पडून वही वर धरून लिहिताना बॉलपेनाची शाई खाली उतरत नाही आणि तिसऱ्या ओळीला ते बंद पडतं. दोनबी पेन्सिल हलक्या हाताने उमटते, दोरीने वहीला बांधली की अंधारात चाचपडावं लागत नाही. दिवा अगदी मंद, शक्यतो तांबूस. मोबाइलवर बोलून ठेवता येतं, पण स्क्रीन उजळली की खाली एखादा निरोप आलेला दिसतो, आणि निरोप वाचला की स्वप्न गेलं म्हणून समजा. बोलूनच ठेवायचं असेल तर त्याच दिवशी ऐकून लिहून काढा. झोपेतल्या पुटपुटण्याचा आठवड्याने काही पत्ता लागत नाही.

अक्षराचंही एक सांगितलं पाहिजे. ओटो लोवी या शास्त्रज्ञाने रात्री उठून स्वप्नात सुचलेला प्रयोग चिटोऱ्यावर टिपला आणि सकाळी त्याला स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री ते पुन्हा सुचलं, तेव्हा तो सरळ प्रयोगशाळेत गेला. मज्जातंतू रसायनाच्या मदतीने निरोप पोचवतात हे बेडकाच्या हृदयावर दाखवणारा तो प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली लोवीला नोबेल मिळालं. सगळ्यांना दुसरी रात्र मिळत नाही. मोठं लिहा, एक ओळ सोडून लिहा.

आता ती दोन मिनिटं. जाग आली की हलू नका. डोळे मिटलेले, अंग आहे त्याच कुशीवर. ‘आज काय वार?’ हा प्रश्न मनात आला की दिवस सुरू झाला, म्हणून त्याच्याआधी ‘आत्ता कुठे होतो?’ हे विचारा. शेवटचं चित्र पकडा आणि तिथून मागे जा, कारण सुरुवात बहुधा सर्वांत आधी पुसली जाते. काहीच हाती लागत नसेल तर हळूच दुसऱ्या कुशीवर वळा. कधीकधी त्या कुशीवर पडलेलं स्वप्न तिथे परत सापडतं. मगच पेन्सिल, आणि आधी वाक्यं नाहीत, नुसती पाच-सहा नामं. ती खुंट्यांसारखी असतात, बाकीचं नंतर त्यांवर टांगता येतं. उजव्या पानावर असं काहीसं दिसेल:

मंगळवार, पहाटे ५.४०. ओला जिना.
जिना. किल्ली, फार मोठी. मांजर, आवाज माणसाचा. कोणीतरी मोजतंय.
मी जिना चढतोय. पायऱ्या ओल्या, पाणी कुठून येतं ते दिसत नाही. किल्ली दोन्ही हातांत मावत नाही. मांजर म्हणतं, ‘अजून सतरा.’ (इथे तुटलं.) वर दार आहे, पण आता मी खाली उभा. भीती नाही. उशीर झाल्याची घाई, छातीत.

डावं पान तेव्हा कोरंच. ते संध्याकाळी भरायचं: ‘किल्ली: रविवारी कुलूप अडकलं होतं. पायऱ्या: कालचा पाऊस? सतरा: माहीत नाही.’

या नोंदीत सगळ्यात मोलाचे शब्द आहेत ‘इथे तुटलं’. जागं मन फार नीटनेटकं असतं. जिन्यावरचा माणूस एकदम खाली कसा आला हे त्याला पटत नाही, मग ते मधे एक घसरणं घालून देतं, आणि दोन दिवसांनी आपण खरंच घसरलो होतो असं वाटायला लागतं. पहाटेच्या नोंदीत ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द यायला लागले की समजावं, लिहिणारा पुरता जागा झालाय. वर्तमानकाळात लिहिलं की ही शिवणकाम करण्याची खोड बरीच आटोक्यात राहते. भावना लिहिताना ती अंगात कुठे होती तेही लिहा. ‘वाईट वाटलं’ यापेक्षा ‘घसा दाटला’ महिन्याने जास्त सांगतं.

पहिल्या आठवड्यात कोरी पानं येणारच. त्या दिवशीही तारीख घाला आणि ‘काही नाही, उठताना जड’ एवढं लिहा. वहीची सवय मोडली की आठवणही आळसावते. झोपण्यापूर्वी कालची नोंद एकदा वाचून ‘उद्या आठवणार आहे’ असं स्वतःला सांगितल्याने खरंच फरक पडतो, बहुतेकांना पंधरवड्यात जाणवतो. गजर कर्कश असेल तर तो बदला, हळूहळू चढणारा सूर लावा. ९० मिनिटांचे गुणाकार करून गजर लावण्याची हौस मात्र वाया जाते, कारण फेऱ्यांची लांबी माणसागणिक आणि रात्रीगणिक बदलते. सुट्टीच्या दिवशी गजराविना उठणं हा साधा उपाय जास्त चालतो.

घरात मांजर असेल तर गजराची गरजही नसते. पहाटे चेहऱ्यावर पंजा पडतो तो बहुधा आपल्या ऐन रेममध्ये, म्हणजे नोंदीसाठी वेळ उत्तम, फक्त उठून भांडं भरेपर्यंत स्वप्न टिकत नाही. उठवलं की खाणं मिळतं, एवढं मांजर चटकन शिकतं. तेव्हा क्रम उलटा करा: आधी नोंद, मग पंधरा मिनिटं काही नाही, मग खाणं, रोज त्याच वेळी. सुरुवातीचे काही दिवस ओरडा वाढतो. त्या दिवसांत एकदा जरी हार मानली, तरी चिकाटीने ओरडलं की मिळतं हा नवा धडा आपणच दिलेला असतो.

कुत्रा झोपेत पंजे हलवतो, दबक्या आवाजात भुंकतो, मिशा थरथरतात. ही त्याची रेम. या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो, त्यातून निसटलेल्या हालचाली तेवढ्या दिसतात. मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा आवर घालणारा भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच उठून दबा धरू लागली. कुत्र्याला हात लावून उठवू नका, दचकून चावा बसू शकतो. उठवणं भागच असेल तर लांबून नावाने हाक मारा. पाय ताठ होऊन आखडणं, लाळ किंवा लघवी सुटणं, हाकेने जाग न येणं, नंतर बराच वेळ भांबावलेलं असणं, ही मात्र फिटची लक्षणं. व्हिडिओ काढा आणि पशुवैद्याला दाखवा.

प्रवासात वही सोबत न्या, पण पहिल्या रात्रीवर विश्वास ठेवू नका. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा उथळ झोपतो, बारीक आवाजालाही सावध होतो, असं ब्राउन विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं (२०१६). जाग वारंवार येते, म्हणून स्वप्नंही जास्त आठवतात. ‘या जागेत काहीतरी आहे’ असं लिहून ठेवण्याआधी दुसरी रात्र जाऊ द्या. विमानाने पूर्वेकडे बरंच अंतर गेलं तर तिथली सकाळ आपल्या शरीराच्या रात्रीतच येते, आणि स्वप्नांनी भरलेला शेवटचा तुकडा गजराखाली सापडतो. दोन-चार कोरी पानं तिथे ठरलेलीच.

महिन्याने, तीसेक नोंदी झाल्या की, एकदा निवांत बसा. स्वप्नकोश काढू नका. साप म्हणजे अमुक, पाणी म्हणजे तमुक, असले तक्ते कोणाच्याच वहीला लागू पडत नाहीत. त्यापेक्षा मोजा: किती ठिकाणं घरातली, किती परकी? कोणती माणसं परत परत येतात? पाठलाग किती वेळा, भेट किती वेळा? मनी वसे ते स्वप्नी दिसे हे बरंचसं खरं आहे, पण ते आदल्याच दिवसाचं असेल असं नाही. पाच-सात दिवसांपूर्वीचा प्रसंगही वर येतो, म्हणून डावं पान भरताना आठवडाभर मागे पाहा.

स्वप्न खरं झालं असं वाटतं, त्याची शहानिशा वहीच करते. भविष्य वाटणाऱ्या नोंदीला त्याच पहाटे खूण करा आणि वर्षाने खरे ठरलेले व न ठरलेले दोन्ही मोजा. फक्त खरे ठरलेले लक्षात ठेवायचे असतील तर वहीची गरज नाही. गेलेलं माणूस किंवा गेलेलं जनावर स्वप्नात आलं तर मात्र खूण करू नका, मोजूही नका. ते कुठे उभं होतं, काय करत होतं, आपला हात कुठे होता, एवढं लिहा आणि डावं पान कोरं ठेवा. पाच मिनिटं तसंच बसा. ते खरंच आलं होतं का, हा प्रश्न त्या पानावर सोडवायचा नसतो.

तेच भयाण स्वप्न परत परत पडत असेल तर दिवसा, उजेडात, ते थोडक्यात लिहा आणि मग हवा तिथे बदल करून नव्याने लिहा: दार उघडतं, पाठलाग करणारा थांबतो, काहीही. हे नवं रूप रोज दहा ते वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणा. निजायच्या आधी नको. काही आठवड्यांत पुष्कळांचा त्रास कमी होतो. मनावर खोल घाव असेल तर हे एकट्याने करू नका, तज्ज्ञासोबत करा. झोपेत हात-पाय झाडणं, ओरडणं, पलंगावरून पडणं, शेजारच्याला मार लागणं हे स्वप्नाचं नव्हे, वैद्यकीय तपासणीचं काम आहे. नैराश्यावरच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही स्वप्नं बदलतात. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा. किती दिवसांपासून आणि किती वेळा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यात तारखांसकट असतात.