ग्लास इपॉक्सी शीट: निवड, कापणी आणि जोडणी

काचतंतूंच्या विणलेल्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, एकावर एक रचून, उष्णता आणि दाब देऊन घट्ट केले की ग्लास इपॉक्सी शीट तयार होते. छापील सर्किट बोर्डापासून ट्रान्सफॉर्मरमधील ठोकळ्यांपर्यंत आणि तपासणीच्या फिक्श्चरपर्यंत ती सर्वत्र वापरली जाते. थरांच्या पातळीत ही शीट विलक्षण मजबूत असते. दोन थरांमध्ये मात्र तिला केवळ रेझिनचाच आधार असतो. काम करताना होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळेच होतात.

खरेदी करताना नुसते ‘हायलम’ मागू नये, कारण त्या नावाखाली तपकिरी बेकलाइट शीटच हाती पडण्याची शक्यता अधिक. ती कागदाच्या किंवा सुती कापडाच्या थरांची असल्याने ओलावा शोषते, आणि कोकणातील पावसाळ्यात हा दोष चांगलाच जाणवतो. ग्लास इपॉक्सीमध्ये जी-१० आणि एफआर-४ हे दोन प्रकार नेहमीचे आहेत. दोन्हींचा फिकट हिरवट-पिवळा रंग सारखाच दिसतो, पण एफआर-४ मध्ये ज्वालारोधक घटक असतो आणि तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून विद्युत कामासाठी चाचणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय माल घेऊ नये. या दोन्ही शीट सतत सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत वापरता येतात. त्याहून अधिक तापमानासाठी जी-११ घ्यावी.

या शीटची घनता सुमारे १.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे पोलादाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असते, आणि ताणशक्ती सुमारे ३०० मेगापास्कल असते. हे आकडे पाहून पोलादी पट्टीच्या जागी तेवढ्याच जाडीची शीट बसवण्याचा मोह होतो; तो टाळावा. तिचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असल्याने ती तुटणार नाही, पण वाकेल. जाडी दुप्पट केल्यास वाकण्याला होणारा विरोध आठपट वाढतो, त्यामुळे उपाय सोपा आहे. ताण्याच्या (कापडाच्या उभ्या धाग्यांच्या) दिशेने शीट बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेपेक्षा अधिक मजबूत असते. म्हणून लांब पट्टी ताण्याच्या दिशेनेच कापावी.

जिथे धूळ आणि दमट हवा एकत्र येते, तिथे विद्युतरोधक म्हणून ही शीट सर्वोत्तम ठरतेच असे नाही. पृष्ठभागावरून गळणाऱ्या प्रवाहामुळे जळके मार्ग तयार होण्याला तिचा विरोध बेताचाच असतो. या विरोधाचे माप म्हणजे ट्रॅकिंग निर्देशांक; सामान्य एफआर-४ चा तो बहुधा १७५ ते २५० च्या दरम्यान असतो. उघड्या पॅनेलमध्ये बसबारला (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्टीला) आधार देण्यासाठी डीएमसी किंवा एसएमसीचे, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या पॉलिस्टर रेझिनचे साच्यात घडवलेले, तयार सपोर्ट घेणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे.

काच हाय स्पीड स्टीलची धार पाहता पाहता बोथट करते. त्यामुळे कापण्यासाठी हिऱ्याची धार असलेली चकती आणि भोकांसाठी कार्बाइड ड्रिल वापरावे. भोक पाडताना शीटखाली लाकडाची किंवा टाकाऊ शीटची फळी घट्ट दाबून ठेवावी आणि ड्रिल आरपार जाण्याच्या वेळी दाब कमी करावा, अन्यथा खालच्या बाजूचे पापुद्रे सुटतात. धूळ शक्यतो उगमाशीच ओढून घ्यावी किंवा पाण्याची धार सोडून कापावे. चांगला रेस्पिरेटर, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे अनिवार्य समजावेत. कपड्यांवर बसलेली ही भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नये. ती अंगाला खाज आणते आणि हवेत उडून इतरांच्या श्वासातही जाते.

शीटच्या कडेत, म्हणजे थरांना समांतर, स्क्रू कधीही घालू नये. तो पाचरीसारखे काम करून थर फाडतो. जोड नेहमी सपाट पृष्ठभागातून, आरपार बोल्ट व मोठा वॉशर वापरून करावा, आणि भोकाचे केंद्र कडेपासून किमान भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर ठेवावे. वारंवार उघडावा लागणारा भाग असेल, तर पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवावा.

कापलेल्या कडांवर तंतूंची टोके उघडी पडतात आणि ओलावा त्यांच्या वाटेने आत शिरतो. म्हणून कडा बारीक पॉलिश पेपरने ओल्याने घासून, पूर्ण सुकवून, त्यांवर इपॉक्सी वॉर्निशचा पातळ हात द्यावा. शीट उन्हात राहणार असेल, तर पृष्ठभागावरही रंग द्यावा, कारण अतिनील किरणांनी वरचे रेझिन खडूसारखे भुरभुरीत होते.