बेकायदा प्लॉटिंगची तक्रार कशी करावी

शेतात चुन्याच्या रेघा ओढल्या, कोपऱ्यांवर दगड रोवले आणि रस्त्याकडेला ‘एनए प्लॉट, तात्काळ ताबा’ असा फलक लागला, की तक्रारीची वेळ झाली असे समजावे. कारण खरेदीखते होऊन घरे उभी राहिल्यावर कारवाईचा फटका विकणाऱ्याला कमी आणि घेणाऱ्याला जास्त बसतो.

सर्वप्रथम गट क्रमांक मिळवावा. तो नसलेली तक्रार कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. गट कळला की महाभूलेख या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावरून सातबारा काढावा. एकाच गटावर पंधरा-वीस वेगवेगळी आडनावे आणि प्रत्येकापुढे ‘०.०१.००’, म्हणजे एकेक गुंठा, असे क्षेत्र दिसले, तर तेथे काय चालले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनुसार राज्याच्या बहुतेक भागांत बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकडेबंदी कायद्यानुसार ज्याहून लहान शेतजमिनीचा तुकडा एरवी विकता येत नाही ती किमान मर्यादा, 10 गुंठे आणि जिरायतीचे 20 गुंठे आहे. त्यातून पळवाट अशी, की मर्यादेत बसेल एवढे क्षेत्र दहा-बारा अनोळखी माणसांच्या नावे सामाईक खरेदी करायचे आणि नंतर नोटरीपुढे संमतीपत्र करून गुंठा-दीड गुंठा आपापसांत वाटून घ्यायचा. अशा संमतीपत्राने स्वतंत्र सातबाराही होत नाही आणि लेआउटही (प्लॉट व रस्त्यांचा आराखडा) मंजूर होत नाही.

तक्रारीचे सर्वांत धारदार हत्यार, माझ्या मते, महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, आहे, आणि लोक नेमके तेच विसरतात. विकसित करायची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा, जास्त असेल तर प्लॉटिंगच्या प्रकल्पालाही नोंदणी लागते, आणि नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. उल्लंघन झाल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून फलकाचा फोटो, व्हॉट्सअॅपवर आलेले पत्रक आणि टोकनची पावती हाच पुरावा ठरतो. त्यासाठी खरेदीखताची वाट पाहावी लागत नाही.

जमिनीचा बेकायदा अकृषिक (एनए) वापर आणि तुकडेबंदीचा भंग यांसाठी तहसीलदारांकडे, तर मंजुरीविना केलेले रस्ते व बांधकाम यांसाठी नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा. पुणे परिसरात महापालिकांच्या हद्दीबाहेर बहुतेक ठिकाणी हे प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत ती संस्था स्वतः. प्राधिकरणाला 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 52 व 53 खाली गुन्हा नोंदवण्याचे आणि अनधिकृत काम पाडण्याचे अधिकार आहेत. मात्र जेसीबीने रस्ता उखडला म्हणून आपले पैसे परत येत नाहीत. त्यासाठी महारेराकडे परताव्याची स्वतंत्र तक्रार आणि फसवणूक झाली असल्यास पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फिर्याद द्यावी. रक्कम रोख दिली असेल आणि पावती नसेल, तर मेसेज व कॉल यांच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

‘पुढे सगळे नियमित होईल’ असे एजंट हमखास सांगतो. तुकड्याचा व्यवहार नियमित होणे आणि लेआउट मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बांधकामाचा परवाना त्याहून वेगळा.

प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. महिनाभरात हालचाल न दिसल्यास त्याच क्रमांकाचा उल्लेख करून, स्थळपाहणी कधी झाली आणि पंचनाम्याची प्रत मिळावी, एवढेच माहितीच्या अधिकारात मागावे.