खेळ आणि नृत्यातील दुखापतींसाठी कायरोप्रॅक्टर निवडताना

कायरोप्रॅक्टरकडे (मणके व सांधे हातांनी हलवून दुखण्यावर उपचार करणाऱ्याकडे) पहिल्यांदा जाल तेव्हा तो तपासणीला किती वेळ देतो, हे आधी पाहावे. दुखणे कधी सुरू झाले, सराव किती वाढवला, बूट किंवा नाचण्याची जमीन बदलली का, हे विचारून जो तुम्हाला एका पायावर उभे करतो, गुडघे वाकवायला लावतो, उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का हे पाहतो, त्याला दुखापतीचे मूळ शोधायचे आहे असे समजावे. याउलट, आल्याआल्या पालथे झोपवून पाठीचे मणके कडकन मोकळे करणाऱ्याला (तो आवाज सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे) खेळाडूंचा अनुभव कितपत आहे, हे स्पष्ट विचारावे. बॅले नर्तकांच्या पायात दुसऱ्या बोटामागील लांब हाडाच्या बुडाशी ताणामुळे बारीक तडा जातो आणि तो सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. अशी शंका येताच रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवणारा उपचारक मला अधिक भरवशाचा वाटतो.

मानेला झटका देण्यापूर्वी त्याने धोके सांगून संमती घ्यायला हवी, कारण क्वचित का होईना, मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. त्याचे शिक्षण आणि, जिथे लागतो तिथे, परवाना तपासावाच. दहावीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा. पायात बधिरता वा अशक्तपणा वाढत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.